कोरडी कुऱ्हाड

"दोनशे चौऱ्याहत्तरऽऽ!"

धुक्यातून बाबांचा आवाज यायचा, बाबा दिसायचे नाहीत. धक्क्याच्या टोकाला पाण्यात आकड्यांची पट्टी रोवलेली होती, तिथे ते वाकलेले असणार एवढं ठाऊक असायचं. मी काठावर वही छातीशी धरून उभी. मी ओरडायचे, "दोनशे चौऱ्याहत्तरऽ!" आणि मगच लिहायचे. ऐकलेलं परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हा बाबांचा नेम. रोज सकाळी सातला, मग नाताळ असो की घरात प्रेत असो. आई गेली त्या दिवशीसुद्धा आम्ही बापलेकीनं आधी आकडा म्हटला आणि मग रडलो.

बाबांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली. सातचा आवाज अजून येतो. मी चुलीपुढे असते, दूध वर यायला लागलेलं असतं आणि बाहेरून आकडा येतो. आता रोज एकच येतो. दोनशे एकतीस. मी ओठांतल्या ओठांत परत म्हणते. म्हटलं नाही तर तो पुन्हा येतो.

आमचं तळं येणारं-जाणारं आहे. डोंगराखाली पोकळ चुनखडी, तिच्यात भोकं. शरदात भोकांतून पाणी वर येतं. 'ढोल्या' नावाच्या विवरातून येताना धाडधाड वाजतं, सात गावांना ऐकू जातं. आणि कधीतरी, कुठल्या वर्षी मेमध्ये, कुठल्या वर्षी भर थंडीत, ते त्याच भोकांनी निघून जातं. जिथे मासे धरले तिथे गवत कापायचं. गवत कापणाऱ्या बायका म्हणायच्या,

तळं आलं गं पाहुणं, आलं ढोल वाजवीत
जाताना गं जोडे हाती, गेलं भिंत चाचपीत

येताना सांगून येतं, जाताना नाही. ते जाताना काय खूण देतं, एवढंच शोधायला या हिवाळ्यात तिघं जण माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, कारण बाबांच्या वह्या माझ्याकडे होत्या. चाळीस वर्षांच्या चाळीस वह्या, पिठाच्या पेटीशेजारच्या फडताळात.

निवेस राजधानीतली, गणिताची. वय पस्तिशीचं, बोटं कायम थंड. पूर्वी ती आजारी हृदयांचे आलेख वाचायची. हृदय असो, माशांचे थवे असोत की तळं, उलथण्याआधी सगळी सारखीच वागतात, असं तिचं म्हणणं. ओस्कार पाण्याचा माणूस. तो विवरांत आणि बर्फाखाली दोरीनं ध्वनिग्राहक सोडायचा आणि कानांवर आवाज ऐकायचं टोपडं चढवून तासन्‌तास डोळे मिटून बसायचा. तिसरा सिल्वो, आमच्याच गावचा, सत्तरीचा. तीस वर्षं पक्षी मोजतोय, आणि त्याच्याआधी त्याच्या गुरुजींनी मोजलेल्या पक्ष्यांच्या टिपणवह्याही त्याच्याकडे.

"एक पाण्याची नाडी बघतो, एक पाण्याची जन्मकुंडली मांडते," सिल्वो म्हणायचा, "आणि मी आपला पाण्याच्या पाहुण्यांची हजेरी घेतो. येर्ना, तू सांग, यातला खरा शहाणा कोण?"

"जो जेवल्यावर आपली थाळी स्वतः विसळतो तो," मी म्हणायचे.

"म्हणजे कुणीच नाही," ओस्कार टोपडं न काढताच म्हणायचा. त्याला सगळं ऐकू यायचं.

चार आठवडे गोडीत गेले. तिघांची भांडणं मला आवडायची. सिल्वो म्हणायचा पाणथळ कोंबड्या अमुक दिवशी उठल्या, ओस्कार जुन्या नोंदी काढून म्हणायचा त्या दिवशी चाळण नावाच्या विवरात गुळगुळ सुरू झाली होती, निवेस दोन्ही घेऊन आपल्या आलेखावर ठेवायची आणि बाबांचा आकडा त्याला दुजोरा द्यायचा. तीन आंधळ्या वाटा अशा एकाच दारात येऊन मिळाल्या की मला बाबांचा अभिमान वाटायचा. आणि त्याच वेळी मी फडताळाकडे बघायचे, कारण निवेस एकेक वर्ष मागे सरकत होती. ती पंच्याऐंशीच्या जानेवारीपाशी कधी पोहोचते, हे मी दिवस मोजून बघत होते.

ती एका मंगळवारी पोहोचली.

"बघा!" तिनं वही टेबलावर फिरवली. गाल लाल झाले होते. "नऊ दिवस. दोनशे एकतीस, दोनशे एकतीस, दोनशे एकतीस. एक बोटभरही हललेलं नाही. आणि दहाव्या दिवशी अडतीस! एका रात्रीत दोन मीटर. येर्नेयाबाई, हे तळं एरवी रोज हलतं. आणि जाण्याआधी नऊ दिवस ते श्वास रोखून बसलं. ही खूण आहे. स्तब्धता."

"पण गुरुजींच्या टिपणात," सिल्वोनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, "बगळे पाच तारखेलाच गेलेत. मोकळ्या पाण्याचा जो तुकडा होता तो आक्रसला, असं लिहिलंय. पाणी जर हललं नाही, तर आक्रसलं कसं?"

"आणि खालच्या खोऱ्यात गिरणी होती," ओस्कार म्हणाला. "आपलं पाणी जिथे डोंगराबाहेर निघतं तिथे. गिरणीवाल्याच्या नोंदीत त्या आठवड्यात चाक जोरात फिरलंय. थंडीत, बर्फ वितळलेला नसताना. म्हणजे कुठून तरी पाणी जात होतं."

निवेसनं तिन्ही नोंदी शेजारीशेजारी मांडल्या. मी भाजी चिरत होते. सुरी थांबली तर कुणाच्या लक्षात येईल म्हणून चिरलेलंच पुन्हा चिरत होते.

"तीन साक्षीदार आहेत," शेवटी ती म्हणाली. "एक पक्षी बघणारा मास्तर, एक पिणारा गिरणीवाला, आणि एक येर्नेयाबाईंचे वडील, मातेव्झ. मातेव्झच्या वह्या मी शेकडो ठिकाणी पडताळल्या. पाऊस, झरे, शेजारची नदी. चाळीस वर्षांत एक चूक नाही. कुणाचं खोटं धरू?"

"पक्षी खोटं लिहीत नाहीत," सिल्वो म्हणाला.

"पक्षी लिहीतच नाहीत, काका. मास्तर लिहितो."

दोघं हसली. आणि बगळे, गिरणी, सगळं बाजूला पडलं. बाबांचा आकडा जिंकला. बाबा इतके खरे होते म्हणून जिंकला.

आता मला जे ठाऊक होतं ते सांगते.

तळं गोठलं की पट्टी बर्फात रुतते. बर्फाची रेघ वाचायची नसते. आधी कुऱ्हाडीनं पट्टीपाशी भोक पाडायचं, भोकात पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि तो आकडा घ्यायचा. बर्फ काठाला, लव्हाळ्याला, खांबांना धरून तसाच राहू शकतो, आणि खालचं पाणी त्याला न सांगता निघून जाऊ शकतं. मग बर्फ हवेवर लटकतो. वरून काही कळत नाही. म्हणून रोज आकडा खाणावळीच्या दारातल्या फळीवर खडूनं लिहायचा. आमच्या गावापाशी तळ्याचा चिंचोळा फाटा आहे, तो ओलांडून घसरगाड्या पलीकडचं गवत आणायच्या. गाडीवाले फळी बघायचे. आकडा जागचा हलला नाही, तर बर्फ पाण्यावर टेकलेला. जुंपा घोडं.

त्या जानेवारीत बाबा फुप्फुसाच्या तापानं अंथरुणाला खिळले. मी तेवीस वर्षांची. साडेसातला लाकडाच्या कारखान्याची बस असायची. पहिल्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन गेले. हाडं फोडणारी थंडी, बर्फ कोपरभर जाड. दहा घाव घातले, वीतभर खड्डा पडला, बस वळणावर वाजली. मी बर्फाची रेघ बघितली, दोनशे एकतीस, काल बाबांनी घेतलेलाच आकडा. तोच वहीत आणि फळीवर लिहिला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड नेलीच नाही.

घरी आले की बाबा खाटेवरून विचारायचे, "भोक पाडलंस?"

"पाडलं."

"सांग."

"दोनशे एकतीस."

"दोनशे एकतीस," ते घरघरत्या छातीनं परत म्हणायचे. माझा आकडा ते म्हणत होते. नेम पाळत होते.

नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी पाव्लाचा नवरा इझिडोर गाडी घेऊन निघाला. पाव्ला माझी थोरली बहीण, लग्नाला सात महिने झाले होते. इझिडोर शीळ घालायचा, वाईट घालायचा, आणि आपण छान घालतो असं समजायचा. फाट्याच्या मधोमध बर्फ खाली बसला. खाली पाणी नव्हतं. दोन मीटरची पोकळी, मग चिखल, आणि वरून फळ्यांसारखे बर्फाचे तुकडे. लिस्का घोडी दुपारपर्यंत ओरडत होती. इझिडोरचा आवाज कुणी ऐकला नाही.

संध्याकाळी बाबा उठले. भिंतीला धरून धरून ओसरीत गेले, खुंटीवरची कुऱ्हाड काढली. पात्यावर कोळ्याचं जाळं होतं. त्यांनी बोटानं ते पुसलं, बोट बघितलं आणि कुऱ्हाड परत टांगली. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे वळले. वही मागितली, आणि नऊ ओळींपुढे, जिथे वाचणाऱ्याची सही असते तिथे, एकेक करून स्वतःचं नाव घातलं. ती अक्षरं अजून तशीच वाकडी आहेत. निवेसला वाटलं, तापामुळे. तापातही हा माणूस पट्टीवर गेला म्हणून तिचे डोळे भरून आले होते.

सही बाबांची, म्हणून गावानं बाबांना धरलं. पाव्लानं तर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या आकड्यानं माझा माणूस खाल्ला." बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले. पुढे अकरा वर्षं ते जगले. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पुरायलाही आली नाही, कुंपणाबाहेर उभी होती. आणि माझ्याकडे मात्र येत राहिली. दर रविवारी. "तू तरी आहेस मला," म्हणायची.

शुक्रवारी दुपारी सगळे परत माझ्याकडे जमले. ग्रामसभेनं तळ्याकाठी दिव्याचा खांब उभारला होता. निवेसच्या गणितावर चालणारा. पाणी पाच दिवस स्तब्ध राहिलं की लाल, एरवी हिरवा. रविवारी घसरगाड्यांची शर्यत होती, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा. शाळेची सगळी मुलं उतरणार होती. आणि हिरव्या दिव्याची कळ पाव्लाच्या हातानं दाबायची, असं ठरलं होतं. इझिडोरची आठवण म्हणून.

पाव्ला अक्रोडाचा वळा, सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, फडक्यात बांधून घेऊन आली. पासष्टीची झालीय, तरी पाठ ताठ. बूट झाडत निवेसला म्हणाली, "खा गं पोरी, तुझ्या गालफडात तळं साठलंय नुसतं. आणि हा बहिरा कोण? टोपडं घालून जेवतो?"

"बहिरा नाही, आजी, जास्त ऐकतो," ओस्कार हसला.

"मग लग्न झालेलं नसणार."

सिल्वोला ठसका लागला. पाव्लानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि माझ्याशेजारी बसली. तिच्या अंगाला थंडीचा वास होता.

"पाणी कसं आहे?" तिनं विचारलं. सहज.

"उत्तम," निवेस म्हणाली. "रोज दोन बोटं उतरतंय, नियमानं. हलतंय म्हणजे ठीक. हळू उतरलं की बर्फ बरोबर खाली बसत जातो. धोका असतो तो पाणी थांबतं तेव्हा. तुमच्या वडिलांच्या वहीनं ते शिकवलं."

पाव्लाचा हात सुरीवर थांबला. "त्यांनी काही शिकवलं असेल तर माझ्या जिवावर शिकवलं," ती म्हणाली आणि वळा कापू लागली.

रोज दोन बोटं. किती दिवस? मी विचारलं. सतरा, ओस्कार म्हणाला. मी मनात मोजलं, हातभर पोकळी. रविवारपर्यंत आणखी.

"फाट्यात बर्फ खाली बसलाय का?" मी विचारलं. "बघितलंय का कुणी?"

"लव्हाळ्यावर थोडा अडकल्यासारखा वाटतो," ओस्कार म्हणाला. "पण आवाज सुंदर येतो तिथे. परवा टिपलाय. ऐका."

त्यानं ते टोपडं माझ्या कानांवर चढवलं.

आधी काही नाही. मग खोल कुठेतरी पाण्याचं घोटणं. मग वर, अगदी डोक्यावर, ढब. ढब. ढब ढब. नाल मारलेल्या खुरासारखं. मला ठाऊक आहे की तो बर्फ ताणला जात होता, ओस्कारनं नंतर समजावलं. पण मला घोडी ऐकू आली. ती पोकळीवरून चालत होती, आणि तिच्यामागे, मोडकी, सूर चुकलेली, शीळ.

आणि त्याच्यावरून बाबांचा आवाज. दुपारचा एक वाजला होता, सात नव्हे. आकडा आला नाही. ते म्हणाले, "सांग." एवढंच, खाटेवरून म्हणायचे तसं.

मी टोपडं काढलं. ओसरीत गेले, खुंटीवरून कुऱ्हाड काढली आणि आणून टेबलावर, वळ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"येर्ना?" सिल्वो खुर्ची मागे सरकवत म्हणाला. "कुणाला कापायचंय?"

कुणी हसलं नाही. माझं तोंड बघून नसेल हसलं.

"निवेस, लिही," मी म्हणाले. "मी म्हणते तसं परत म्हण आणि मग लिही. त्या नऊ दिवसांत पट्टी बाबांनी वाचली नाही."

तिनं पेन उचललं. मग हळूच म्हणाली, "बाबांनी वाचली नाही."

"मी वाचली. भोक न पाडता. दोनशे एकतीस हा बर्फ आहे, पाणी नाही."

"बर्फ आहे," तिनं परत म्हटलं, "पाणी नाही."

"पाणी रोज उतरत होतं. बगळे खरे होते. गिरणी खरी होती. तळं थांबलं नव्हतं, मी थांबले होते. तुमचा दिवा उलटा आहे. रविवारी तो हिरवा लागेल, आणि मुलं पोकळीवर जातील."

ओस्कार उठलाच होता, कोट चढवत. "गिरमिट गाडीत आहे," तो सिल्वोला म्हणाला, "फाट्यात भोक घेऊन बघू, आत्ता, उजेड आहे तोवर." सिल्वो त्याच्यामागे निघाला. दारात थांबून त्यानं टोपी माझ्या दिशेनं थोडी उचलली की नुसती नीट केली, मला कळलं नाही. निवेसनं वही उघडली. नऊ वाकड्या सह्यांवरून तिनं बोट फिरवलं, एकीवरून दुसरीवर. मग फोन घेऊन बाहेर गेली. ग्रामसभेशी बोलताना तिचा आवाज अंगणातून येत होता, तुटक, पुन्हा पुन्हा तेच सांगणारा.

पाव्ला हलली नाही. ती कुऱ्हाडीकडे बघत होती. वळ्याचा एक तुकडा कापलेला, दुसरा अर्धा.

"त्यांनी सही का केली?" तिनं विचारलं.

"मला वाचवायला."

"आणि मी चर्चच्या पायऱ्यांवर..." ती थांबली. "अकरा वर्षं, येर्ना. ते फाटकाशी उभे राहायचे. मी रस्ता बदलायचे. तू बघायचीस."

"बघायचे."

"लहान होतीस, थंडी होती, बस होती," तिनं स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हटलं. ती मला सूट देत होती. तशीच आहे ती, रागावते जगावर आणि सूट देते मला. "तुला तरी काय माहीत, खाली पाणी नाही म्हणून. कुणाला माहीत असणार?"

इथे थांबता आलं असतं. दिवा उलटा होता, तो आता लागणार नव्हता. मुलं वाचली होती. तिनं दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत जायचं होतं, आणि पुढच्या रविवारी ती परत वळा घेऊन आली असती.

बाहेर तळ्यावर गिरमिटाची घरघर सुरू झाली. मग एकदम तिचा सूर पोकळ झाला, आणि ओस्कार ओरडला, लांबून, काठावरच्या कुणाला तरी आकडा सांगत. सिल्वोनं तो परत म्हटला. मला शब्द कळले नाहीत.

मी पाव्लाचा हात धरला नाही. धरला असता तर बोलता आलं नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "नवव्या दिवशी मी धक्क्यावरून उतरून बर्फावर चार पावलं गेले, आणि पायाखाली ढोल वाजला. पोकळ. मला कळलं, पाव्ला, तिथेच कळलं. मी घाबरून परत फिरले, आकडा लिहिला आणि बस पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी इझिडोर तुमच्या अंगणात लिस्काला जुंपत होता. मला बघून म्हणाला, 'काय गं, पाणी आहे ना जागेवर?' मी नाही म्हटलं असतं तर भोक पाडलं नाही हे बाबांना कळलं असतं. मी म्हटलं, 'आहे.'"